रिपेअर करून आणलेला लॅपटॉप रिसेट करायचा का? सारखे विचारले जाणारे प्रश्न

जून लागला की हे प्रश्न वाढतात. कोणाची बॅग ट्रान्स हार्बर लोकल पकडताना भिजते, कोणाच्या कीबोर्डवर चहा सांडतो, मग लॅपटॉप रिपेअरला जातो आणि परत आला की दुसऱ्याच दिवशी मेसेज, "दादा, आता रिसेट मारू का?" ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, खारघर, सगळीकडून तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच इथे लिहून ठेवलंय. जवळपास सगळं विंडोजबद्दल आहे, मॅकचा एक प्रश्न शेवटाकडे आहे. एकच विनंती, प्रश्न २ वाचल्याशिवाय कुठलंही बटण दाबू नका.

१. फॅक्टरी रिसेट म्हणजे फॉरमॅटच ना? दुकानात "फॉरमॅट मारून देतो" म्हणतात ते हेच का?

थोडा फरक आहे. रिसेटमध्ये लॅपटॉपमधलं विंडोज स्वतःच स्वतःला नव्याने टाकून घेतं, पेनड्राइव्ह वगैरे काही लागत नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टम, मग रिकव्हरी, तिथे "रिसेट धिस पीसी". विंडोज १० मध्ये हेच अपडेट अँड सिक्युरिटीच्या आत आहे. दुकानातलं फॉरमॅट म्हणजे बहुतेक वेळा लॅपटॉप पेनड्राइव्हवरून चालू (बूट) करून डिस्क पूर्ण पुसायची आणि कोरं विंडोज टाकायचं. तिसरा प्रकार कंपनीच्या रिकव्हरीचा: एचपीमध्ये सुरू होताना एफ११, एसरमध्ये ऑल्ट आणि एफ१०, लेनोवोच्या बऱ्याच मॉडेलना बाजूला एक बारीक भोक असतं त्यात पिन घालून नोवो बटण दाबायचं, डेलमध्ये एफ१२ दाबून सपोर्ट असिस्टवाली रिकव्हरी. याने लॅपटॉप खोक्यातून काढला तसा होतो, ड्रायव्हर (वायफायसारखे आतले पार्ट चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) सगळे असतात आणि कंपनीने भरलेला नको त्या सॉफ्टवेअरचा कचराही परत येतो.

२. रिपेअर झालं की रिसेट करावाच लागतो का?

नाही. कुठला पार्ट बदलला त्यावर सगळं आहे. बॅटरी, कीबोर्ड, स्क्रीन, बिजागरी, फॅन, चार्जिंगचा पोर्ट, रॅम यातलं काहीही बदललं तरी रिसेटचा संबंध नाही, लॅपटॉप चालू करा आणि कामाला लागा. एसएसडी किंवा हार्डडिस्क बदलली असेल तर नव्या डिस्कवर रिसेट करण्यासारखं काही नसतंच, प्रश्न ७ बघा. मदरबोर्ड बदलला असेल तर जरा भानगडी असतात, पण त्याही रिसेटने सुटत नाहीत, उलट घाईत रिसेट मारला तर वाढतात, त्यासाठी प्रश्न ४, ५ आणि ६.

मग रिसेट कधी? लॅपटॉप आठवडाभर अनोळखी माणसाकडे पासवर्डसकट पडून होता आणि मनात धाकधूक आहे, व्हायरस शिरलाय, दुकानदाराने नको ते सॉफ्टवेअर भरलंय (प्रश्न १५), नाहीतर लॅपटॉप विकायचाय (प्रश्न १८). एवढंच.

३. दुकानदार म्हणतो फॉरमॅट केल्याशिवाय होणार नाही. खरं बोलतोय का?

कधीकधी खरं असतं, डिस्क खराब झाली असेल तर दुसरा इलाज नसतो. पण स्क्रीन बदलायला दिलेल्या लॅपटॉपला कोणी फॉरमॅट लागेल म्हणालं तर सरळ विचारा, कशासाठी? नीट उत्तर मिळालं नाही तर लॅपटॉप उचला आणि निघा, स्टेशनच्या आसपास दुसरी चार दुकानं आहेत. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येसुद्धा जॉबशीटवर "डेटाची जबाबदारी आमची नाही" अशा अर्थाची ओळ असते, त्यामुळे बॅकअप घेऊनच द्यायचा, दुकान कितीही ओळखीचं असो. आणि हार्डवेअर तपासायला तुमचा पासवर्ड लागत नाही. फारच अडून बसले तर एक वेगळं साधं अकाउंट बनवून त्याचा पासवर्ड द्या.

४. मदरबोर्ड बदलून आणला, आता निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी की मागतोय. मी असं काही लावलंच नव्हतं! रिसेट करून टाकू का?

थांबा, अजिबात नको. हे बिटलॉकर आहे, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप. तुम्ही लावलं नसलं तरी मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये ते आपोआप चालू होतं, होम एडिशनमध्ये त्याचं नाव "डिव्हाइस एन्क्रिप्शन". डिस्क ज्या किल्लीने उघडते ती टीपीएम नावाच्या भागात असते आणि टीपीएम जुन्या मदरबोर्डवर होता, तो तर गेला. म्हणून विंडोज म्हणतं, मालक तूच असशील तर की सांग.

मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या वेबसाइटवर लॉगिन करा, डिव्हायसेसमध्ये तुमच्या लॅपटॉपच्या खाली रिकव्हरी की सापडेल. निळ्या स्क्रीनवर एक की आयडी पण दिसतो, त्याची सुरुवातीची अक्षरं जुळवून बघा कारण एकाच अकाउंटवर दोन-तीन लॅपटॉपच्या की असू शकतात. इथेच बहुतेकांचं चुकतं, चुकीची की टाकत बसतात आणि म्हणतात चालत नाही. घरात लॅपटॉप पहिल्यांदा चालू कोणी केला तेही आठवा, की त्याच्या अकाउंटला असणार. बाबांच्या ईमेलने सेटअप केलेला आणि वापरतो मुलगा, हे फार कॉमन आहे. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या ईमेलने लॉगिन केलं असेल तर की त्यांच्या आयटीवाल्यांकडे.

कुठेच सापडली नाही तर डेटा गेला असं धरा, मायक्रोसॉफ्टही ती की परत बनवून देऊ शकत नाही. "काढून देतो, एवढे लागतील" म्हणणारे भेटतील, पैसे देऊ नका. त्यानंतरच पेनड्राइव्हवरून नवीन विंडोज टाका.

हे सगळं टाळायचं असेल तर लॅपटॉप रिपेअरला द्यायच्या आधी सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा, पूर्ण बंद व्हायला वेळ लागतो तेवढा थांबा, आणि परत आल्यावर चालू करा. निदान की तरी कागदावर लिहून घरात ठेवा, त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करून काय उपयोग.

५. रिपेअरनंतर पिन आणि फिंगरप्रिंट चालत नाही. लॅपटॉप बिघडवला का त्यांनी?

नाही हो. मदरबोर्ड बदलला की पिनही जातो, कारण तोही टीपीएमशी बांधलेला असतो. पासवर्डने आत जा आणि पिन, बोट दोन्ही नव्याने सेट करा. पासवर्डच आठवत नाही ही खरी अडचण असते, तो मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या साइटवर बदलून घ्या.

६. कोपऱ्यात "ॲक्टिव्हेट विंडोज" असं फिकट दिसायला लागलंय. रिसेटने जाईल का?

जाणार नाही, चार तास मात्र जातील. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजचं लायसन मदरबोर्डला धरून असतं, की बायोसमध्येच (बोर्डवरचं, विंडोजच्या आधी चालू होणारं सॉफ्टवेअर) लिहिलेली असते. बोर्ड बदलला म्हणजे विंडोजच्या दृष्टीने ही वेगळीच मशीन. वॉरंटीत सर्व्हिस सेंटरने बदलला असेल तर परत त्यांच्याकडेच जा आणि ॲक्टिव्हेशन त्यांच्याकडून करून घ्या, वेगळे पैसे कशाला द्यायचे. बाहेर बदलला असेल तर सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूटर असतो, त्यात हार्डवेअर नुकतंच बदललंय असा पर्याय येतो. लायसन आधीपासून मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं असेल तर त्याने काम होऊ शकतं. ऑनलाइन काहीशे रुपयांना मिळणाऱ्या कीच्या नादी लागू नका, आज चालते आणि उद्या बंद पडते.

आणखी एक, जे कोणी बघत नाही: नव्या बोर्डवर लॅपटॉपचा सिरियल नंबर लिहायचा राहून जातो. बायोसमध्ये जाऊन बघा, तिथला नंबर आणि पाठीमागच्या स्टिकरवरचा नंबर एकच हवा. रिकामा असेल तर तिथल्या तिथे इंजिनियरकडून टाकून घ्या, नाहीतर पुढे कंपनीच्या साइटवरून वॉरंटी नाहीतर रिकव्हरी काहीच नीट मिळत नाही.

७. हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली. रिसेटचं ऑप्शन कुठंय? एफ११ पण चालत नाही.

एफ११ वाली रिकव्हरी जुन्या डिस्कच्या एका कोपऱ्यात होती, डिस्कसोबत तीही गेली. आता दोन रस्ते. एक, कमीत कमी ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या (त्यातलं सगळं पुसलं जातं), दुसऱ्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा आणि पेनड्राइव्ह बूटेबल (त्यावरून लॅपटॉप चालू होईल असा) बनवा. इन्स्टॉल करताना की विचारली तर "माझ्याकडे की नाही" वर क्लिक करा, बायोसमधली की आणि एडिशन ते स्वतः उचलतं आणि नेट लागलं की ॲक्टिव्हेट होतं, कारण मदरबोर्ड तोच आहे. दोन, डेल, एचपी, लेनोवो यांच्या साइटवर सिरियल नंबर टाकून त्या मॉडेलची कंपनी रिकव्हरी पेनड्राइव्हवर घेता येते. नवीन माणसाला मी दुसरा रस्ता सांगतो, ड्रायव्हर शोधत बसावं लागत नाही.

इन्स्टॉल करताना "कुठे टाकू" विचारतं तिथे एसएसडीच दिसत नसेल तर लगेच दुकानदाराशी भांडू नका. इंटेलच्या ११ व्या जनरेशनपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी म्हणून एक सेटिंग चालू असतं, त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या सेटअपमध्ये नसला की असं होतं. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घेऊन त्याच पेनड्राइव्हवर ठेवा आणि "लोड ड्रायव्हर" करा.

जुनी डिस्क मागून घ्या. "काय करणार घेऊन" म्हणतील, तरी घ्या, तुमचे फोटो आणि आधार-पॅनच्या स्कॅन कॉप्या त्यात आहेत.

८. "कीप माय फाइल्स" की "रिमूव्ह एव्हरीथिंग"? आणि डी ड्राइव्ह जाईल का?

पहिल्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो राहतात, तुम्ही टाकलेली सॉफ्टवेअर आणि सेटिंग्ज जातात, काय काय काढलं त्याची यादी डेस्कटॉपवर ठेवून देतं. फाइल्स राहतात म्हणजे सगळंच राहतं असं समजू नका, प्रोग्राम फाइल्सच्या आतलं आणि ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमधलं जातं, म्हणजे सिंक न केलेले क्रोमचे बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड, आणि काही अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा डेटासुद्धा (प्रश्न १२).

दुसऱ्यात तुमचं सगळं साफ होतं. एकापेक्षा जास्त ड्राइव्ह असतील तर फक्त विंडोजवाला पुसू की सगळे, ते विचारतं. तिथे नीट वाचून दाबा, कारण आपल्याकडे लग्नाचे व्हिडिओ हटकून डी मध्येच असतात. व्हायरसचा संशय असेल तर दुसराच पर्याय घ्या.

बॅकअप दोन्हींत लागतोच. आणि वनड्राइव्हमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका, फुकटात फक्त ५ जीबी मिळतं आणि ते भरलं की सिंक थांबतं, ढगाच्या आयकॉनवर लाल फुली आहे का बघा.

९. क्लाउड डाउनलोड की लोकल रीइन्स्टॉल?

क्लाउडमध्ये विंडोज नेटवरून नव्याने उतरतं, साधारण ४ जीबीच्या वर डाउनलोड होतं; लोकलमध्ये लॅपटॉपमधल्याच फाइल्स वापरल्या जातात. घरी चांगलं वायफाय असेल तर क्लाउडच घ्या, विशेषतः आधी डिस्क किंवा रॅमचा त्रास होता तेव्हा, कारण आतल्या फाइल्स खराब असतील तर लोकल मध्येच गचकतं. मोबाइलच्या दीड जीबीवर जगणाऱ्यांनी लोकल.

१०. किती वेळ लागतो? मध्येच लाइट गेली तर?

एसएसडीवर साधारण तास-दीड तास, जुन्या हार्डडिस्कवर तीन-चार तासही लागतात, "क्लीन डेटा" (प्रश्न १८) लावलं तर त्याहून जास्त. चार्जर लावूनच ठेवा आणि बॅटरी भरलेली असू द्या. बॅटरी मेलेली असेल आणि लॅपटॉप फक्त चार्जरवर चालत असेल तर आधी बॅटरी बदला. घोडबंदरला काय आणि घणसोलीला काय, पावसात एकदा झटका देऊन लाइट जाते आणि तेवढ्याने अर्धवट विंडोज होऊन बसतं. महावितरणचा शटडाऊनचा मेसेज आलाय का तेही बघून घ्या.

११. ६४ टक्क्यांवर तासभर अडकलंय. पॉवर बटण दाबून बंद करू?

नका करू. टक्के एकसारखे सरकत नाहीत, एका आकड्यावर बराच वेळ बसून मग धडाधड पुढे जातं. डिस्कचा लाइट लुकलुकत असेल, पंखा फिरत असेल तर सोडून द्या, जेवून या. रात्रभर ठेवूनही हललं नाही तर मग बंद करा. "देअर वॉज अ प्रॉब्लेम रिसेटिंग युवर पीसी" असा मेसेज आला तर बहुतेक वेळा आधीचं सगळं तसंच असतं, लोकल केलं होतं तर क्लाउडने करून बघा. ऑगस्ट २०२५ च्या अपडेटनंतर विंडोज १० आणि ११ च्या काही व्हर्जनमध्ये रिसेटच फेल जात होता, मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात वेगळं अपडेट काढून ते दुरुस्त केलं, म्हणून आधी अपडेट पूर्ण करा आणि मग रिसेट.

१२. टॅली, डिजिटल सही, मराठी टायपिंग, हे सगळं परत कसं आणायचं?

हे सीए मंडळी आणि सोसायटीचे खजिनदार विचारतात, आणि बहुतेक वेळा रिसेट झाल्यावर! टॅलीचं लायसन मशीनला बांधलेलं असतं, रिसेटच्या आधी टॅलीतूनच लायसन सरेंडर करा आणि नंतर परत ॲक्टिव्हेट करा. डेटाचा फोल्डर कुठे आहे ते टॅलीतच दिसतं, तो अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा, नुसत्या पीडीएफ नकोत. डिजिटल सही यूएसबी टोकनमध्ये असते त्यामुळे ती सुरक्षित आहे, फक्त टोकनचा ड्रायव्हर आणि जीएसटी पोर्टलचं सही करायचं सॉफ्टवेअर परत टाकावं लागतं. रिटर्नच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री हा उद्योग करू नका, दर महिन्याला कोणीतरी करतंच.

मराठीसाठी आता वेगळं काही लागत नाही. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, भाषेत मराठी जोडा, झालं. पण जुन्या डीटीपीच्या फाइल्स असतील तर त्यांचे फॉन्ट आधी बाजूला काढा, नाहीतर लग्नपत्रिका उघडल्यावर नुसती चिन्हं दिसतील. लॅपटॉपसोबत आलेलं ऑफिस तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं असतं, त्याच अकाउंटने लॉगिन केलं की परत मिळतं.

१३. पावसात भिजलेला, क्लीन करून आणला. चालतो पण हँग होतो. रिसेट केला तर सुधारेल?

मला वाटत नाही. बोर्डवर पाणी जाऊन गंज धरला असेल तर विंडोज नवीन टाकून तो निघणार आहे का? उलट रिसेटमध्ये डिस्कवर तासभर एकसारखं लिहिलं जातं, आजारी डिस्क असेल तर तेवढ्यात झोपते आणि डेटा पण नेते. आधी डेटा बाहेर काढा. मग हार्डवेअर टेस्ट: डेलमध्ये एफ१२ दाबून डायग्नोस्टिक्स, एचपीमध्ये एफ२, रॅमसाठी विंडोज मेमरी डायग्नोस्टिक. टेस्ट नापास झाली तर रिपेअरच्या वॉरंटीत परत द्या, म्हणून बिल पक्कं घ्या. सगळं पास होऊनही हँग होत असेल तरच रिसेट.

१४. बायोसची बॅटरी बदलली आणि आता "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस". विंडोज उडालं का?

विंडोज जागेवर आहे. बॅटरी काढली की बायोसची सेटिंग्ज मूळ पदावर जातात आणि डिस्कचा मोड (बोर्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतो ते सेटिंग) रेडवरून एएचसीआयवर किंवा उलटा होतो. बायोसमध्ये जाऊन तो आधीसारखा करा, चालू होईल. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे किती जणांनी चांगलं चालणारं विंडोज पुसलंय! तारीखही बघा, ती कुठेतरी मागे गेली असेल तर वेबसाइट उघडत नाहीत, ॲक्टिव्हेशन पण अडतं, आणि लोकांना वाटतं वायफाय खराब झालं.

१५. दुकानदाराने दुसरंच विंडोज टाकून दिलंय असं वाटतं. कसं ओळखायचं?

ॲक्टिव्हेशनचं पान उघडा. घरचा लॅपटॉप आणि तिथे "तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हिसने ॲक्टिव्हेट" अशा अर्थाचं काही लिहिलंय, तर झोल आहे. दुसरी खूण, लॅपटॉप होम सिंगल लँग्वेजवाला होता आणि आता प्रो दिसतंय. असा क्रॅक (चोरीचं ॲक्टिव्हेशन) टाकताना विंडोजचा अँटीव्हायरस डिफेंडर बंद करतात आणि बंदच सोडतात. अशा विंडोजला रिसेट मारून भागणार नाही, प्रश्न ७ प्रमाणे कोऱ्या पेनड्राइव्हवरून सगळं पुसून टाका, तुमचं खरं लायसन बायोसमध्ये आहेच.

१६. ऑफिसचा लॅपटॉप आहे, बाहेर रिपेअर केला. रिसेट केल्यावर कंपनीचं लॉगिन मागतोय.

ऐरोली आणि महापेच्या मंडळींचा आवडता प्रश्न. कंपनीने ऑटोपायलटमध्ये (ऑफिसचे लॅपटॉप कंपनीशी जोडायची मायक्रोसॉफ्टची सोय) नोंदवलेला लॅपटॉप कितीही वेळा रिसेट केला तरी कंपनीचंच लॉगिन मागणार. मदरबोर्ड बदलला असेल तर आयटीला नोंदणी परत करावी लागते. त्यांना खरं काय ते सांगा, आणि पुढच्या वेळी बाहेर देऊच नका.

१७. रिसेटनंतर वायफायच दिसत नाही, आणि विंडोज ११ नेटशिवाय पुढे जात नाही.

मोबाइल केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा, अँड्रॉइडवर बहुतेक वेळा लगेच चालतं. आत गेलात की कंपनीच्या साइटवरून वायफायचा ड्रायव्हर घ्या.

१८. रिपेअर करून विकायचाय. साधा रिसेट पुरेल का?

रिमूव्ह एव्हरीथिंग घ्या, पुढे "चेंज सेटिंग्ज" मध्ये "क्लीन डेटा" चालू करा. घरगुती वापराला हे पुरतं, पण सरकारी किंवा कंपनीच्या नियमात बसणारी पुसापुसी ही नाही असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं, म्हणून ऑफिसचा किंवा क्लायंटचा डेटा असेल तर डिस्क काढून ठेवा आणि लॅपटॉप बिनडिस्कचा विका. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून तो लॅपटॉप काढायला विसरू नका.

१९. मॅकबुकला पण असंच का?

वेगळं आहे. ॲपल सिलिकॉन (ॲपलचा स्वतःचा प्रोसेसर) किंवा टी२ ही सिक्युरिटी चिप असलेल्या मॅकवर मॉन्टेरे म्हणजे मॅकओएस १२ पासून "इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज" आहे, मोबाइलसारखं पटकन होतं. रिपेअरला द्यायच्या आधी "फाइंड माय" बंद करायला सांगतात, ते करा. आणि आताच्या जवळपास सगळ्या मॅकबुकमध्ये स्टोरेज बोर्डवरच असतं, लॉजिक बोर्ड (मॅकचा मदरबोर्ड) बदलला म्हणजे डेटा गेला, ॲपलच्या टाइम मशीनने घेतलेला किंवा दुसरा बॅकअप असेल तरच परत मिळणार.

२०. सहा-सात वर्षं जुना विंडोज १० वाला आहे. रिपेअर करून रिसेट केला तर ११ येईल का?

नाही, १० रिसेट केलं की १० च येतं, क्लाउडने केलं तरी. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती वापरासाठी जादा सिक्युरिटी अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, पण त्यात नाव नोंदवावं लागतं आणि रिसेटनंतर नोंदणी अजून दिसतेय का तेही तपासा. ११ साठी टीपीएम २.० लागतो आणि इंटेलमध्ये साधारण ८ वी जनरेशन किंवा पुढची. त्यात बसत असेल तर रिसेटच्या भानगडीत न पडता पेनड्राइव्हवरून थेट ११ टाका. बसत नसेल आणि दुकानदार मदरबोर्डचे मोठे पैसे सांगत असेल, तर मी तरी त्या लॅपटॉपवर खर्च करणार नाही, रॅम आणि एसएसडी काढून ठेवीन आणि बाकीचा भंगारात देईन.